इंग्रजीच्या बाई, जपानच्या शाळेत

विद्यालयातून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांनी आपल्या व्यवसायातील असा एखादा अनुभव लिहावा, जो आज वसतिगृहात राहणाऱ्या मुलामुलींच्या उपयोगी पडेल, अशी सूचना संपादक मंडळाने पत्रातून केली होती. मी गेली अनेक वर्षे इंग्रजी शिकवते. त्यांपैकी तीन वर्षे मी जपानमधील एका शासकीय माध्यमिक शाळेत परदेशी शिक्षिका म्हणून काम केले. त्या शाळेत इंग्रजीचा तास सोडला तर सारा व्यवहार जपानी भाषेतून चाले. त्या नोकरीच्या आरंभीच्या महिन्यांविषयी लिहावे असे मी ठरविले, कारण आपल्या मुलांच्या मनात इंग्रजीची जी भीती असते, तीच पुढे शिक्षकाचे भांडवल कशी होऊ शकते, हे मला तिथे उमगले.

माझा जन्म वरळीच्या बीडीडी चाळीतला. १९२० साली स्थापन झालेल्या ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. त्यांतील १२१ एकट्या वरळीत होत्या. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक चाळीत ८० खोल्या, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची आणि शौचालये सामाईक, अशी ती रचना. गिरणी कामगार, पोलीस आणि महापालिकेचे कर्मचारी यांचे संसार या खोल्यांत पिढ्यान्‌पिढ्या झाले. माझे वडील महापालिकेत सफाई कामगार होते. आम्ही सात माणसे त्या खोलीत राहत असू. अभ्यासाला बसायचे तर कोणाला तरी बाहेर गॅलरीत उभे राहावे लागे. म्हणूनच पाचवीत मला आपल्या विद्यालयाच्या वसतिगृहात पाठविण्यात आले.

वरळीतच, डॉ. ॲनी बेझंट रोडवर, निप्पोनझान म्योहोजी हे जपानी बुद्धमंदिर आहे. त्या संघाचे संस्थापक निचिदात्सु फुजी १९३१ साली भारतात आले आणि १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले. हा इतिहास मला पुष्कळ उशिरा कळला. लहानपणी ठाऊक होता तो फक्त तिथला पंख्याच्या आकाराचा हातढोल आणि त्याच्या ठेक्यावर चालणारा अनाकलनीय मंत्रघोष. आजी बुद्धपौर्णिमेला आम्हाला तिथे नेत असे. “आपला बुद्ध एवढ्या लांब गेला आणि परत आपल्याकडे आला,” असे ती म्हणे. जपानशी माझी ओळख एवढीच होती.

माझे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झाले. बाबासाहेबांच्या प्रेरणेने १९४६ साली सुरू झालेल्या सिद्धार्थ महाविद्यालयात मी इंग्रजी विषय घेतला, तेव्हा पहिले वर्षभर वर्गात तोंड उघडले नाही. उत्तर ठाऊक असे, परंतु ते मनात मराठीत उभे राही आणि त्याला इंग्रजीत आणीपर्यंत प्राध्यापक पुढच्या बाकाकडे वळलेले असत. त्या वर्षीचे मौन मी कधी विसरले नाही. पुढे पदवी घेतली, बी.एड. केले, काही वर्षे मुंबईत शिकविले आणि मग परदेशी शिकविण्याची इच्छा मनात धरली.

परदेशात इंग्रजी शिक्षक पाठविणाऱ्या एका खाजगी संस्थेने माझा अर्ज मुलाखतीविनाच परत केला. इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा आहे अशांनाच आम्ही घेतो, असे त्यांनी कळविले. त्या एका वाक्याने मला पुष्कळ दिवस छळले. इंग्रजी शिकविण्याचा अधिकार जन्माने मिळत असेल, तर आम्ही ज्या विचारात वाढलो त्याच्याशी या नियमाचा मेळ कसा बसवायचा? जन्मावरून योग्यता ठरविणे काय असते, हे आमच्या घराला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

त्यानंतर मी जपान सरकारच्या ‘जेट’ कार्यक्रमाकडे वळले. हा कार्यक्रम १९८७ साली अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या चार देशांतील ८४८ तरुणांना घेऊन सुरू झाला आणि पुढे त्यात अनेक देश सामील झाले. त्यातील बहुसंख्य तरुण शाळांमध्ये सहायक भाषा शिक्षक म्हणून काम करतात. भारतातून जाणाऱ्यांची संख्या नेहमीच थोडी राहिली आहे. करार एका वर्षाचा असतो आणि तो वाढवून जास्तीत जास्त पाच वर्षे करता येतो. २०१६ च्या उन्हाळ्यात माझी निवड झाली आणि मला शिमाने प्रांतातील एका लहान गावी नेमण्यात आले.

शिमाने हा जपानच्या पश्चिम भागातील, जपान समुद्राच्या काठावरचा अत्यंत विरळ वस्तीचा प्रांत. परक्या इंग्रजी शिक्षकाची त्याला जुनी ओळख आहे. ग्रीसच्या एका बेटावर जन्मलेले लाफ्कादिओ हर्न १८९० साली याच प्रांतातील मात्सुए या गावी इंग्रजी शिकविण्यासाठी आले, तिथल्याच स्त्रीशी विवाहबद्ध झाले आणि पुढे कोइझुमी याकुमो या नावाने जपानी नागरिक झाले. त्यांचे घर आजही जतन केलेले आहे. मी ते पाहिले तेव्हा मनाला धीर आला. शतकापूर्वी आलेला तो शिक्षकही पहिल्या दिवशी माझ्यासारखाच मुका असणार.

मुका हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरते. शाळेच्या दारात बाहेरचे जोडे काढून आतले पांढरे जोडे घालायचे, एवढे मला आधी सांगितले होते. परंतु कोणत्या कप्प्यावर माझे नाव लिहिले आहे, ते मला वाचता येईना. सर्व शिक्षकांची मेजे एकाच मोठ्या खोलीत, इयत्तेनुसार एकमेकांना जोडून मांडलेली असतात. तिथे रोज सकाळी छोटी सभा होते. सर्व जण उभे राहून एकमेकांना अभिवादन करतात, मग दिवसाच्या सूचना होतात. त्या सूचनांपैकी मला पहिल्या दिवशी फक्त माझे नाव कळले, आणि तेही चटकन नाही, कारण जपानीत ‘ल’ नाही आणि ‘व’चा उच्चार बहुधा ‘ब’ होतो. फलकावर लिहिलेले वेळापत्रक, मेजावर आलेली परिपत्रके, चहाच्या डब्यावरची चिठ्ठी, यांपैकी काहीही मला वाचता येत नव्हते. दोन पदव्या घेतलेली बाई तिथे निरक्षर होती. माझी आजी बसचा क्रमांक विचारण्यासाठी अनोळखी माणसाला थांबवीत असे. तसे मी दिवसातून दहा वेळा कोणाला तरी थांबवीत होते.

जपानी माणूस नव्या जागी रुजू होताना ‘योरोशिकु ओनेगाइशिमासु’ असे म्हणतो. याचे नेमके भाषांतर होत नाही. ‘मला सांभाळून घ्या, आपले काम नीट पार पडो’ असा काहीसा भाव त्यात असतो. आपल्याकडे नवे शिक्षक आपल्या पदव्यांनी ओळख करून देतात. तिथे ओळखीची सुरुवात विनंतीने होते. पहिल्या आठवड्यात मी ते वाक्य इतक्या वेळा म्हटले की ते केवळ शिष्टाचाराचे राहिले नाही. मला खरोखरच सर्वांनी सांभाळून घ्यावे लागणार होते.

माझा पहिला तास स्वतःची ओळख करून देण्याचा होता. माध्यमिक शाळेचा तास पन्नास मिनिटांचा. वर्गाची जबाबदारी जपानी शिक्षिकेची आणि मी तिच्या जोडीला. विद्यार्थी उभे राहिले, वाकून नमस्कार केला, बसले आणि गप्प झाले. मी प्रश्न विचारला की पस्तीस माना खाली जात. वर्गातील या शांततेविषयी परदेशी शिक्षक पुष्कळदा तक्रार करतात. मला मात्र ती शांतता ओळखीची वाटली. सिद्धार्थमधल्या माझ्या शेवटच्या बाकावर मी ती वर्षभर सांभाळली होती.

मी इंग्रजी बाजूला ठेवले आणि फळ्यावर देवनागरीत ‘अ, इ, उ, ए, ओ’ लिहिले. त्याखाली ‘क, स, त, न, ह, म, य, र, व’ अशी अक्षरे लिहिली आणि एकेक अक्षर बोटाने दाखवीत मोठ्याने म्हणू लागले. तिसऱ्या-चौथ्या अक्षरालाच वर्गात कुजबुज सुरू झाली आणि ‘न’पर्यंत येईतो मुले माझ्या पुढे जाऊन पुढचे अक्षर म्हणत होती. जपानी वर्णमालेचा क्रम नेमका हाच आहे. हा योगायोग नाही. बौद्ध धर्मग्रंथांबरोबर संस्कृतची सिद्धम् लिपी जपानमध्ये गेली, भिक्षूंनी तिचा अभ्यास केला आणि त्या वर्णक्रमाच्या आधारे जपानी अक्षरांची मांडणी झाली. आजही जपानी स्मशानांतील लाकडी स्मृतिफलकांवर सिद्धम् अक्षरे दिसतात. ‘आपला बुद्ध एवढ्या लांब गेला’ असे आजी म्हणत असे. तो जाताना आपली अक्षरेही घेऊन गेला होता, हे तिला सांगायचे मात्र राहून गेले.

त्या तासाने माझी भीड चेपली, परंतु खरा आत्मविश्वास आला तो वह्या तपासताना. एका मुलाने लिहिलेल्या वाक्याचा क्रम ‘आय स्कूल गो’ असा होता. माझ्या सहकारी शिक्षिकेने ते दुरुस्त केले, पण मुलगा असे का लिहितो हे मला त्याच क्षणी दिसले. मराठीत आपण ‘मी शाळेत जाते’ म्हणतो. जपानीत ‘वाताशी वा गाक्को नि इकिमासु’ म्हणतात. वाताशी म्हणजे मी, गाक्को म्हणजे शाळा, ‘नि’ आपल्या ‘त’ प्रत्ययासारखा शब्दाच्या मागे येणारा, आणि क्रियापद अगदी शेवटी. दोन्ही भाषांत इंग्रजीतील ‘ए’ आणि ‘द’ यांना जागा नाही. म्हणजे जे खड्डे या मुलांच्या वाटेत होते, ते सर्व माझ्या पायांना माहीत होते. जन्मापासून इंग्रजी बोलणारा शिक्षक उच्चार उत्तम शिकवील, हे खरे. पण मनातले वाक्य उलटे करून इंग्रजीत उभे करताना नेमकी कुठे दमछाक होते, हे त्याला स्वतःच्या अनुभवाने कळत नाही, कारण ती वाट त्याने चाललेलीच नसते. खाजगी संस्थेच्या त्या पत्राचे उत्तर मला अशा रीतीने एका बारा वर्षांच्या मुलाच्या वहीत मिळाले.

तेव्हापासून मी माझी पद्धत बदलली. नवे वाक्य शिकविताना ते मराठीत कसे होते आणि इंग्रजीत जाताना त्यातील कोणता शब्द कुठे सरकतो, हे मी रंगीत खडूंनी दाखवी. बाईंचीही एक वेगळी भाषा आहे आणि त्यांनीही इंग्रजी कष्टाने मिळविली आहे, हे कळल्यावर मुलांच्या माना हळूहळू वर आल्या. पहिल्या सत्राच्या शेवटी मागच्या बाकावरील एका मुलीने आपणहून हात वर केला. तिचे उत्तर अर्धेच होते, तरी वर्गात कोणी हसले नाही.

जपानी शाळेतील दुपार आपल्या वसतिगृहाची आठवण करून देणारी होती. शालेय भोजनाचा कायदा तिथे १९५४ साली झाला. माझ्या शाळेत पाळी असलेली मुले पांढरे झगे आणि टोप्या घालून वर्गातच सर्वांना वाढत, आणि शिक्षक तेच अन्न त्यांच्यासोबत जेवत. भात, सूप, मासा, दुधाची बाटली. सर्वांच्या ताटात सारखेच. जेवणानंतर काही वेळाने ध्वनिक्षेपकावर संगीत सुरू होई आणि सारी शाळा फडकी घेऊन कामाला लागे. वर्ग, जिने, मैदान आणि शौचालये, सर्व काही मुले स्वच्छ करीत आणि शिक्षक त्यांच्याबरोबर असत. पहिल्या दिवशी उपमुख्याध्यापक गुडघ्यांवर बसून वाळूने भरलेला दरवाजाचा खाचा पुसत होते. तुम्ही पाहुण्या आहात, बसा, असे त्यांनी मला खुणेने सांगितले. मी फडके घेतले आणि त्यांच्या शेजारी बसले.

त्या रात्री वडिलांना फोन केला. मी म्हटले, “अण्णा, इथे संडास मुलंच धुतात. कुणाची नेमणूक नाही.”

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, “हातमोजे देतात का?”

“देतात.”

“आणि पगार?”

“पगार कसला? सगळ्यांची पाळी असते.”

“मग बरं आहे,” ते म्हणाले, “पगार लावला असता, तर त्यांनी पण एखादी जात शोधली असती.”

जपानविषयी कोणी माझ्याजवळ भारावून बोलू लागले की मला हे वाक्य आठवते, कारण अण्णांना ठाऊक नव्हते तरी जपानने तशी जात खरोखरच शोधली होती. मेलेली जनावरे, कातडी आणि कत्तल यांच्याशी ज्यांचे काम जोडले गेले, त्यांना तिथे शतकानुशतके अपवित्र मानून वेगळ्या वस्त्यांत ठेवण्यात आले. १८७१ च्या शासकीय फर्मानाने हा भेद कायद्यातून गेला, पण व्यवहारातून गेला नाही. ३ मार्च १९२२ रोजी क्योटोमध्ये या लोकांनी ‘सुइहेइशा’ ही आपली संघटना उभारली. तरीही १९७५ साली अशा वस्त्यांच्या नावांच्या याद्या कंपन्यांना गुपचूप विकल्या जात असल्याचे उघड झाले. नोकरी देण्यापूर्वी माणसाचे मूळ गाव तपासण्यासाठी त्या वापरल्या जात. मी तिथे पोहोचले त्याच वर्षी, डिसेंबर २०१६ मध्ये, हा भेद नाहीसा करण्यासाठी जपानी संसदेने नवा कायदा संमत केला. म्हणजे प्रश्न संपलेला नव्हता.

जपानमध्ये ४ ते १० डिसेंबर हा मानवी हक्क सप्ताह पाळला जातो. आपला ६ डिसेंबर त्यातच येतो. समाजशास्त्राच्या शिक्षकांनी तिसऱ्या वर्गाला सुइहेइशाचा पाठ शिकविला आणि भारतातील एखादा प्रसंग इंग्रजीत सांगाल का, असे मला विचारले. मी महाडचे चवदार तळे निवडले. वाक्ये अगदी लहान ठेवली. एक तळे होते. जनावरे पाणी पीत. काही माणसांना मनाई होती. २० मार्च १९२७ रोजी एक विद्वान माणूस हजारो लोकांसह तिथे गेला आणि त्याने पाणी प्याले. माझे आजोबा-आजी त्या मनाई असलेल्या माणसांपैकी होते.

वर्ग नेहमीसारखा शांत राहिला. मग खिडकीजवळचा एक मुलगा, ज्याचा आवाज मी तोवर ऐकला नव्हता, उभा राहिला आणि म्हणाला, “हूज लेक?” कोणाचे तळे? दोनच शब्द, पण व्याकरणात अचूक आणि विषयाच्या मुळाशी जाणारे. महाड नगरपालिकेने ते तळे १९२४ मध्येच ठरावाने सर्वांना खुले केले होते. म्हणून मी सांगितले, कागदावर सर्वांचे, काठावर नाही. त्याने ते उत्तर वहीत लिहून घेतले. त्यानंतर मुलांचे प्रश्न तास संपेपर्यंत थांबले नाहीत.

त्या दिवशी मला एक गोष्ट स्पष्ट झाली. आपल्याकडे इंग्रजी ही भाकरीची आणि प्रतिष्ठेची गोष्ट आहे. ती आली नाही तर दारे बंद होतात. जपानी मुलाचे तसे नाही. विद्यापीठापर्यंतचे शिक्षण, न्यायालय, इस्पितळ, सर्व काही त्याला आपल्या भाषेत मिळते. म्हणून ‘इंग्रजी शिका, नोकरी मिळेल’ हे सांगून तिथे भागत नाही. पण ज्याला आपण ओळखत नाही अशा माणसाला काही तरी मनापासून विचारायचे असेल, तर तिसरी भाषा लागते. त्या मुलाची भाषा मला पुरेशी येत नव्हती आणि माझी भाषा त्याला येत नव्हती. इंग्रजी आम्हा दोघांचीही नव्हती, आणि म्हणूनच ती त्या तासापुरती दोघांची सारखी झाली.

माणसे अशी परक्या भाषांत जातात आणि तिथलीच होतात, याची उदाहरणे आपल्याजवळ आहेत. ओकायामा प्रांतात जन्मलेले भदन्त आर्य नागार्जुन सुरेई ससाई नागपुरात आले, आपल्या लोकांत राहिले आणि १९८८ साली भारताचे नागरिक झाले. उलट दिशेने, ठाणे जिल्ह्यातील योगेंद्र पुराणिक जपानला गेले, २०१९ मध्ये टोकियोतील एदोगावा विभागाच्या सभागृहावर निवडून आले आणि २०२३ पासून इबाराकी प्रांतातील एका शासकीय शाळेचे मुख्याध्यापक झाले. माझा वाटा यांच्या तुलनेत फार लहान आहे. तीन वर्षांनी, २०१९ च्या उन्हाळ्यात, मी परत आले आणि पुन्हा मुंबईत शिकवू लागले.

तिथे मला राहायला दोन खोल्या मिळाल्या होत्या. जपानी लोक खोलीचे माप तातामी या चटईवर मोजतात. त्या हिशेबाने आमची चाळीतली खोली साधारण नऊ चटयांची भरते. आता वरळीच्या चाळी पाडून तिथे उंच इमारती उभ्या राहत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आमची पाळी अजून यायची आहे. अण्णा रोज बांधकामाकडे जाऊन मजले मोजून येतात.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी जी मुले इंग्रजीच्या तासाला मान खाली घालून बसतात, त्यांच्यासाठी मी हे लिहिले आहे. तुम्हाला जे कठीण जाते ते नीट लक्षात ठेवा, लिहून ठेवा. कोणता शब्द अडला, कुठे वाक्य उलटे झाले, कोणत्या उच्चाराला जीभ वळली नाही. पुढे कोणाला शिकवायची वेळ आली की हीच नोंद तुमच्या कामी येईल. आणि ती वेळ फार दूर असण्याचे कारण नाही. वसतिगृहात रात्रीच्या जेवणानंतर वीस मिनिटे सातवीच्या मुलांनी पाचवीच्या मुलांना इंग्रजी शिकवावी, अशी माझी विद्यालयाला विनंती आहे. दोन वर्षांपूर्वी जो खड्डा ओलांडला, तो ओलांडणाऱ्याला अजून नीट दिसत असतो. सुरुवातीच्या महिन्यात दर रविवारी मी स्वतः येईन.

विद्यालयाच्या पुढील वाटचालीस मंगल कामना.